आधी वाळूत बसायला शिका

मेलबर्नला आर्किटेक्चरच्या मास्टर्सला आले आणि पहिल्याच सेमिस्टरला माती खाल्ली. वाळवंटातल्या एका माहिती केंद्राचं डिझाइन होतं. मी भिंतभर ठिपके, वर्तुळं, नागमोडी रेषा काढल्या. पुण्यात गॅदरिंगला स्टेजमागे वारली रंगवायचो, त्याच हाताने आणि तेवढ्याच बेफिकिरीने. परीक्षणाला आलेल्या एका ॲबोरिजिनल, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या मूळनिवासी, चित्रकार बाईंनी एकच प्रश्न विचारला, "ही गोष्ट कुणाची?" मी म्हटलं, सजावट आहे. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या मुलाकडे वळल्या. मार्क बरे पडले. तो प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही, आणि पुढे पोटापाण्याचं कामही त्यातूनच निघालं.

आता भारतातून येणारी मुलं मला फोन करतात. "ताई, ॲबोरिजिनल आर्टिस्टबरोबर प्रोजेक्ट करायचाय, सुरुवात कुठून करू?" मी म्हणते, आधी उलुरूला जा, पण डोंगर बघायला म्हणून नको, तिथलं कल्चरल सेंटर बघायला जा.

उलुरू म्हणजे मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातला 348 मीटर उंचीचा तो तांबडा खडक. 26 ऑक्टोबर 1985 ला तो तिथल्या मूळ मालकांना, अनंगू लोकांना, परत मिळाला. 1995 साली, त्याच तारखेला, ग्रेगरी बर्जेस या आर्किटेक्टने केलेलं सेंटर उघडलं. ते अनंगूंबरोबर बसून केलेलं आहे. आधी बोलणं, वाळूत आणि कागदावर रेघोट्या, आणि मग प्लॅन. मातीच्या विटांच्या दोन वळणदार इमारती म्हणजे दोन साप, कुनिया आणि लिरू. त्यांची गोष्ट खडकावरच्या खुणांत आहे, आणि इमारतींमध्येही. सरळ कोपरा शोधत मी तिथे अर्धा दिवस फिरले! आत फोटो काढू देत नाहीत. खडकाभोवतीच्या काही जागांचेही नाहीत, आणि विकण्यासाठी चित्र काढायचं असेल तर परवाना लागतो. हे जाचक वाटत असेल तर देवराई आठवा. तिथली काटकी सरपणाला आणायची नाही, असं आजीने सांगितलं की आपण कारण विचारत नव्हतो. अनंगू ज्याला 'चुकुर्पा' म्हणतात त्यात कायदा, धर्म, गोष्ट आणि जमिनीचा नकाशा सगळं एकत्र असतं. त्यातलं काही बायकांचं असतं, काही पुरुषांचं. काही तुम्हाला कधीच कळणार नाही, आणि तसंच डिझाइन करायचं असतं. खडकावर चढणं बंद व्हायला मात्र 2019 उजाडलं.

दुसरं उदाहरण कॅनबेराचं. संसद भवनासमोरच्या अंगणात ॲबोरिजिनल चित्रकार मायकल नेल्सन जगमारा यांच्या चित्रावरून केलेलं ग्रॅनाइटचं मोझेक आहे, 1988 चं. सुमारे 90,000 तुकडे, हाताने फोडून बसवलेले. याच जगमारांच्या एका चित्रातला भाग 1985 साली इमांट्स टिलर्स या ॲबोरिजिनल नसलेल्या नामवंत चित्रकाराने न विचारता आपल्या चित्रात घेतला होता. त्यावरून बरंच वादळ उठलं. पण 2001 पासून ते दोघं मिळून चित्रं करू लागले. मधली सोळा वर्षं लक्षात ठेवा. तुमच्या हातात सेमिस्टर असतं चार महिन्यांचं. जगमारा 2020 मध्ये वारले, आणि तेव्हापासून अनेक जण त्यांचा उल्लेख 'कुमंजयी जगमारा' असा करतात. गेलेल्या माणसाचं नाव उच्चारायचं नाही म्हणून हा शब्द. ईमेलमध्ये नाव टाकण्याआधी हे विचारून घ्या. माझ्याकडून एकदा राहून गेलं. पुढचे तीन आठवडे उत्तर आलं नाही.

मी शिकले ते ॲलिस स्प्रिंग्जपासून लांबच्या एका आर्ट सेंटरमध्ये. चित्रकारांच्याच मालकीच्या अशा संस्था मध्य ऑस्ट्रेलियात बऱ्याच आहेत. नवख्याला तिथे 'कोलॅबोरेशन' मिळत नाही. कॅनव्हास ताणायचा, त्यावर काळा किंवा गेरूच्या रंगाचा हात मारायचा, मागे नंबर घालायचा, चहा करायचा, आजीबाईंना गाडीतून आणायचं-सोडायचं. गाडी चालवता येत नसेल तर निम्मी किंमत तिथेच कमी होते. मुलं आसपास असतात म्हणून नॉर्दर्न टेरिटरी या प्रांतात 'ऑकर कार्ड', म्हणजे मुलांच्या आसपास काम करायची सरकारी मंजुरी, काढावं लागतं. ॲबोरिजिनल जमिनीवर शिरायला त्या जमिनीचा कारभार बघणाऱ्या लँड कौन्सिलचं परमिट लागतं, तेही वेळेत अर्ज करून.

दुसऱ्या महिन्यात मी माझा प्लॅन जमिनीवर पसरून बसले. शेजारी एक आजी लाकडी काडीच्या टोकाने ठिपके देत होत्या. कॅनव्हास जमिनीवरच, आणि त्या त्याच्या चारी बाजूंनी सरकत रंगवायच्या, त्यामुळे चित्राला वर-खाली असं काही नव्हतंच. माझा कागद त्यांनी न विचारता फिरवला. मग बोटाने वाळूत इंग्रजी यू सारखी खूण केली. माणूस मांडी घालून उठला की वाळूत राहतो तो ठसा. एक, दोन, पाच. सगळ्या माझ्या दाराकडे पाठ करून. दार चुकीच्या बाजूला होतं! त्यांचं चित्रही वरून पाहिलेला प्लॅनच आहे हे मला तेव्हा कळलं, आणि पाच वर्षं आर्किटेक्चर शिकून माणसं कुठे बसतील हे मी कधी काढलंच नव्हतं. आपल्याकडे वारली बायका लग्नाचा चौक 'लिहितात' म्हणतात, काढतात नाही, हेही तिथेच आठवलं.

पैशांचं स्पष्ट बोला. बैठकीला आलेल्या प्रत्येक वडीलधाऱ्याच्या वेळेचे पैसे बजेटमध्ये हवेत, फक्त चित्राचे नव्हे. कॉपीराइट चित्रकाराकडेच राहतो. दरवाजाच्या मुठीवर तीच नक्षी हवी असेल तर पुन्हा परवानगी, पुन्हा पैसे. करार वाचून दाखवायला दुभाष्या घ्या, आणि पहिला 'हो' पक्का धरू नका. पाहुण्याला नाही म्हणायचं जिवावर येतं म्हणूनही माणसं हो म्हणतात, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. गावात मृत्यू झाला की 'सॉरी बिझनेस', म्हणजे सुतकाचे विधी, सुरू होतो, काम थांबतं, कधी कधी आठवडेच्या आठवडे. वेळापत्रकात ती जागा ठेवा आणि वरच्या साहेबाला आधीच सांगून ठेवा.

जायचं तर जून-जुलैत जा. दिवसा छान ऊन असतं, रात्री पारा शून्याखाली जातो, तेव्हा स्वेटर न्या. फोल्डिंगची खुर्ची नेऊ नका.