मीटरचा लोड आणि इमारतीचा लोड: ईसीबीसीच्या कामात मी माती कुठे खाल्ली

ईसीबीसीचं, म्हणजे व्यावसायिक इमारतींच्या ऊर्जा संवर्धन कोडाचं काम नुकतंच हातात आलेल्यांसाठी लिहितेय. कोड काय, बीईई (केंद्राचा ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो) काय, हे तुम्हाला माहीत असणारच, ते उगाळत नाही. मी इलेक्ट्रिकलची डिग्री घेऊन ठाण्यात एका छोट्या कन्सल्टन्सीत लागले आणि पहिल्याच मोठ्या फाइलवर आपटले.

प्रकल्प घोडबंदर रोडवरचा. मागे तीन रहिवासी टॉवर, रस्त्याला लागून एक कमर्शियल विंग. खाली दुकानं, वर ऑफिसं, मिळून ४६ गाळे. बांधकाम २०,००० चौरस मीटरच्या वर, म्हणून पर्यावरण मंजुरी घेतलेली आणि तिच्या अटींत ईसीबीसी. कमर्शियल विंगला कोड लागू होतो का, एवढंच मला ठरवायचं होतं. कनेक्टेड लोड (बसवायच्या सगळ्या उपकरणांची मिळून क्षमता) १०० किलोवॅट किंवा कॉन्ट्रॅक्ट डिमांड (वीज कंपनीशी ठरलेली कमाल मागणी) १२० केव्हीए, तेवढी किंवा त्याहून जास्त असली की कोड लागू. हे पाठ होतं. लायझनिंगवाल्याकडून महावितरणचे लोड मंजुरीचे कागद मागवले. प्रत्येक गाळ्याला वेगळं एलटी (कमी दाबाचं) कनेक्शन, ७ किलोवॅटचं. लिफ्ट, पंप, पॅसेजच्या कॉमन मीटरला ६२. शंभरी कुठेच दिसेना. आमच्या सरांनी जुना रिपोर्ट दिला होता, ‘यात नाव बदल आणि पाठव’ म्हणून. त्यात ‘लागू नाही’ होतं, मीही तेच ठेवलं. (जुना रिपोर्ट देऊन निघून जाणारा माणूस गुरू नसतो. त्याला काम उरकायचं असतं.)

पुढे ट्रान्सफॉर्मरच्या जागेचं ड्रॉइंग द्यायला महावितरणच्या सेक्शन ऑफिसला गेले. तिथल्या इंजिनिअरसाहेबांच्या टेबलावर आमचीच लोडशीट होती. सगळे गाळे एकाखाली एक आणि तळाला बेरीज: ३८४ किलोवॅट. मी म्हटलं, सर, हे कशाला जोडलंय? ते म्हणाले, ‘मॅडम, ट्रान्सफॉर्मर काय गाळ्यागाळ्याला वेगळा बसवू?’

हाच तो खड्डा, म्हणून दोनदा सांगते. कनेक्शन मंजुरीचा कागद ग्राहक मोजतो, कोड इमारत मोजतो. ४६ गुणिले ७ म्हणजे ३२२, त्यात कॉमनचे ६२, झाले ३८४. मीटरचे कितीही तुकडे करा, इमारत एकच राहते. दुसरं, व्याख्येतला ‘किंवा’ नीट वाचा. दोन्हींपैकी एक अट बसली की पुरे. गाळ्यांच्या इमारतीत अख्ख्या विंगची कॉन्ट्रॅक्ट डिमांड बहुधा कुठल्याच कागदावर नसते, म्हणून ती शोधत बसू नका, कनेक्टेड लोडची बेरीज करा. तिसरं, डायव्हर्सिटी, म्हणजे सगळा लोड एकाच वेळी चालू नसतो म्हणून धरायची सूट. ट्रान्सफॉर्मर ठरवताना ती लावतात, म्हणून आमच्या ३८४ ला ३१५ केव्हीएचा पुरला. कनेक्टेड लोड काढताना ती लावायची नाही. आणि मागचे टॉवर या बेरजेत धरायचे नाहीत. रहिवासी इमारतींसाठी इको निवास संहिता आहे.

नवीन मुलांचा अजून एक समज असतो, की कोड पाळला नाही तर वीज कंपनी मीटर देणार नाही. असं नाही. कोड २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यातला. त्याचं राज्यातलं काम महाऊर्जा या सरकारी संस्थेकडे, आणि बांधकामाचे नकाशे तपासते ती महापालिका. वीज कंपनीला २००३ च्या वीज कायद्याचं कलम ४३ बांधून ठेवतं: मागेल त्याला जोडणी द्यायची. ती वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट बघेल, तुमची काच कोडात बसते का ते बघणार नाही. मला आधी वाटायचं, मीटर अडवला की बिल्डर सुतासारखा सरळ येईल. आता नाही वाटत. मीटरची वेळ येते तोवर काच बसलेली असते आणि अडकतो तो कर्ज काढून गाळा घेतलेला दुकानदार. त्यापेक्षा लोडचा अर्ज येतो तेव्हाच वीज कंपनीनं ती बेरीज महापालिकेला कळवली, तर अजून काही बदलता येतं. कोडाच्या अंमलबजावणीत वीज कंपनीचं खरं वजन त्या लोडशीटमध्ये आहे. ती मागून घ्या, सहसा नाही म्हणत नाहीत.

एनर्जी ऑडिटरची परीक्षा द्याच. चारही पेपरांची पुस्तकं बीईईच्या साइटवर फुकट आहेत, क्लासला पैसे घालू नका. पण ही बेरीज मला त्या अभ्यासानं शिकवली नाही.

माझ्या चुकीची किंमत काचेत मोजावी लागली. आमच्या उष्ण-दमट हवामानात ईसीबीसी २०१७ प्रमाणे पश्चिमेच्या काचेचा एसएचजीसी (काचेतून आत येणाऱ्या सूर्याच्या उष्णतेचं प्रमाण) ०.२७ च्या आत हवा. आमची काच त्याच्या बरीच वर, आणि दर्शनी भागात काच ४० टक्क्यांहून जास्त, म्हणजे प्रिस्क्रिप्टिव्हचा, एकेका भागाची ठरलेली अट पाळायचा सोपा रस्ता बंद. बाहेरच्या माणसाकडून अख्ख्या इमारतीचं सिम्युलेशन करून घ्यावं लागलं. छत, भिंती, दिवे सगळीकडे कोडापेक्षा जास्त करून काचेचा तोटा भरला, तेव्हा ईपीआय रेशो (आपल्या इमारतीचा ऊर्जावापर भागिले कोडाच्या नमुना इमारतीचा) जेमतेम १ च्या खाली आला.

घाबरू नका, नोकरी गेली नाही. चूक सगळ्यांची होते. फक्त ती कळल्यावर त्याच दिवशी लेखी कळवा. सेक्शन ऑफिसातून परतल्यावर मी चार दिवस तोंड उघडलं नाही, आणि तेवढ्यात काचेचा दुसरा ट्रक साइटवर उतरला.