टॅली आणि डीएससीपुरतं विंडोज, लिनक्सच्या पोटात

मी व्यापाऱ्यांची खाती लिहिते, जीएसटी भरते. मशीनवर लिनक्स मिंट, रॅम ८ जीबी. पण टॅली विंडोजचंच, आणि डिजिटल सहीचं (डीएससीचं) यूएसबी टोकनही तिथेच मुकाट चालतं. एवढ्यासाठी डुअल बूट, म्हणजे दोन्ही सिस्टिम टाकून सुरू करताना एक निवडणं, करू नका. रिटर्न अर्धं भरून झाल्यावर दुसरीकडची एक फाइल बघायला मशीन रीस्टार्ट कोण करत बसणार? त्यापेक्षा व्हर्च्युअल मशीन, म्हणजे लिनक्समध्येच एका खिडकीत चालणारा सॉफ्टवेअरचा संगणक, बनवा आणि विंडोज त्यात ठेवा.

त्यासाठी बहुतेक जण व्हर्च्युअलबॉक्स हे सॉफ्टवेअर सुचवतात. ते वाईट नाही, पण त्याचं मॉड्यूल कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, बाहेरचं. कर्नल बदलला की ते नव्याने बांधायचं, सिक्युअर बूट (सही नसलेलं मॉड्यूल अडवणारी सोय) चालू असेल तर त्यावर सहीही करायची. याच कामाचं केव्हीएम २००७ पासून, म्हणजे २.६.२० या आवृत्तीपासून कर्नलमध्येच आहे. ही कटकटच नाही. दोन्ही मात्र एकत्र ठेवू नका: कर्नल ६.१२ पासून केव्हीएम लोड होतानाच प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय ताब्यात घेतं आणि व्हर्च्युअलबॉक्सचं मशीन बऱ्याचदा उठत नाही.

आधी बायॉसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) जा. इंटेल असेल तर ‘इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’, एएमडी असेल तर ‘एसव्हीएम मोड’ चालू करा. मग सिनॅप्टिक (मिंटचं पॅकेज मॅनेजर) उघडून ‘व्हर्ट-मॅनेजर’ शोधा, केव्हीएमची मशीन बनवायला आणि चालवायला हेच वापरायचं; खूण करा, सोबत येणारी पॅकेजेस येऊ द्या. विंडोज ११ ला टीपीएम ही सुरक्षेची चिप लागते, म्हणून तिची सॉफ्टवेअर नक्कल ‘एसडब्ल्यूटीपीएम’ही घ्या. ‘युजर्स अँड ग्रुप्स’मध्ये स्वतःचं नाव ‘लिबव्हर्ट’ गटात घाला आणि लॉग आउट करून परत या. ते न करताच ‘कनेक्ट होत नाही’ म्हणून फोन करणारे बरेच असतात.

व्हर्ट-मॅनेजरमध्ये नवीन मशीन बनवताना विंडोजची आयएसओ (इन्स्टॉलेशनची फाइल) दाखवा. ती डाउनलोड्समध्ये असेल तर परवानगीबद्दल विचारेल, हो म्हणा. रॅम ४ जीबी द्या. विंडोज ११ त्याखाली इन्स्टॉलच होत नाही आणि माझ्यासारख्या ८ जीबीच्या मशीनवर त्याहून जास्त दिली तर मिंट धापा टाकतं. डिस्क ८० जीबी. इथे जरा थांबा: ही डिस्क म्हणजे एक मोठी फाइलच, आणि ती मुळात रूट पार्टिशनवर, म्हणजे लिनक्स स्वतः असतं तिथे, जाते. रूट लहान असेल तर होममध्ये एक फोल्डर करून त्याचा व्हर्ट-मॅनेजरमध्ये स्टोरेज पूल (डिस्क ठेवायची जागा) बनवा आणि डिस्क तिथे ठेवा. रूट भरलं की लिनक्सचंच रडगाणं सुरू होतं.

डिस्कचा प्रकार साटा राहू द्या. विर्टिओ हा खास व्हर्च्युअल मशीनसाठीचा प्रकार वेगवान असतो, पण विंडोजच्या इन्स्टॉलरला ती डिस्क दिसत नाही. फेडोराकडून ड्रायव्हरची वेगळी आयएसओ आणून जोडावी लागते. टॅलीला एवढा वेग लागत नाही. ‘डिफॉल्ट नेटवर्क चालू नाही’ असं आलं तर कनेक्शन डिटेल्समध्ये जाऊन ते सुरू करा आणि ऑटोस्टार्टवर खूण करा. विंडोजचा परवाना मात्र वेगळा लागतो.

आता टोकन. ‘ॲड हार्डवेअर’मधून यूएसबी होस्ट डिव्हाइस म्हणून ते कायमचं जोडता येतं, पण मग टोकन लावलेलं नसताना मशीन सुरूच होत नाही. माझं टोकन कपाटात असतं, म्हणून मी विंडोज चालू झाल्यावर व्हर्च्युअल मशीनच्या मेन्यूतून ‘रीडायरेक्ट यूएसबी डिव्हाइस’ करते. तेवढा वेळ ते लिनक्सला दिसत नाही, हे अपेक्षितच आहे. प्रिंटरसाठी हा खटाटोप करू नका, पीडीएफ काढून मिंटमधून छापा.

बॅकअपसाठी विंडोज पूर्ण बंद करून डिस्कची फाइल बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. टॅलीच्या डेटाचा बॅकअप वेगळा, रोज. आणि दर महिन्याला जीएसटीचं ३बी रिटर्न भरणारे असाल तर विंडोजची अपडेट्स २० तारीख उलटेपर्यंत थांबवून ठेवा.