पार्ट बदलण्याआधी: वॉशिंग मशीन दुरुस्तीत नव्याने येणाऱ्यांसाठी

माझ्यासोबत कामाला फिरणारा नवा मुलगा पहिल्या आठवड्यातच विचारतो, "दादा, अमुक बिघाड आला की कोणता पार्ट बदलायचा?" त्याला यादी हवी असते आणि मी ती देत नाही. एकाच तक्रारीमागे चार कारणं असू शकतात, आणि त्यातली एकदोन तर मशीनच्या बाहेरची असतात. मशीन सेमी असो की फ्रंट लोड, काम तेच: पाणी घ्यायचं, कपडे फिरवायचे, पाणी सोडायचं. गाडी यातल्या कुठल्या टप्प्यावर अडली ते आधी ठरवायचं, स्क्रू ड्रायव्हर त्यानंतर हातात घ्यायचा.

शिक्षणाचं आधी सांगतो, कारण फोन त्यासाठीच येतात. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड दोन वर्षांचा असतो आणि या धंद्याला तोच पाया सगळ्यात पक्का, असं माझं मत आहे. घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीचा वेगळा ट्रेडही आहे, आणि इलेक्ट्रॉनिक्स सेक्टर स्किल्स कौन्सिलचे कमी मुदतीचे कोर्सही आहेत. कोर्सने मीटर धरायला येतं. मशीनचा आवाज ओळखायला मात्र एखाद्या जुन्या मेकॅनिकमागे वर्ष-दोन वर्षं फिरावंच लागतं. सुरुवात सेमी ऑटोमॅटिकने करा. त्यात सगळं डोळ्यांना दिसतं, सर्किट साधं असतं आणि गावोगावी अजून भरपूर चालू आहेत.

वीज हा विषय मी कधीच घाईत उरकत नाही. मशीन उघडायच्या आधी प्लग सॉकेटमधून बाहेर काढायचा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. जुन्या वायरिंगमध्ये स्विच फेजवर (करंट आणणाऱ्या तारेवर) न बसवता न्यूट्रलवर (परतीच्या तारेवर) बसवलेला मी अनेक घरांत पाहिला आहे. तिथे स्विच बंद असला तरी मशीनमध्ये फेज जिवंत असतो. नंतर सॉकेटवर मीटर लावा. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ जवळपास सारखं यायला हवं, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये फार तर दोन-चार व्होल्ट. अर्थिंग नसेल तर ते ग्राहकाला स्पष्ट सांगा, मशीन दुरुस्त झालं तरी. बाथरूममधलं ओलं मशीन आणि अनवाणी उभं राहिलेलं माणूस हे रोजचं दृश्य आहे. इन्व्हर्टर मशीनच्या कार्डावर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डावर, 320 व्होल्टच्या आसपास डीसी असतो, प्लग काढल्यावरही काही वेळ राहतो. तिथे थोडं थांबायचं, मीटरने तपासायचं आणि मगच हात लावायचा.

आता पाणी. पिंपरी-चिंचवडमध्ये 2019 च्या अखेरीपासून दिवसाआड पाणी येतं, बऱ्याच सोसायट्या बोअर आणि टँकरवर चालतात, त्यामुळे माझ्याकडच्या तक्रारींत पाण्याच्या भरपूर. "मशीन पाणी घेत नाही", एलजीच्या स्क्रीनवर आयई, सॅमसंगच्या स्क्रीनवर 4सी किंवा 4ई हा एरर कोड. आधी नळ सोडून बादलीत पाहा, धार कशी आहे. वरच्या मजल्यावर गच्चीतली टाकी डोक्यावरच असते, उंची कमी मिळते, दाब पुरत नाही. तो दोष मशीनचा नाही. धार चांगली असेल तर नळ बंद करून इनलेट पाइप काढा. मशीनमध्ये पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या तोंडाशी प्लॅस्टिकची बारीक जाळी असते, पकडीने हलकेच ओढली की निघते. तिच्यावर तांबूस गाळ, वाळूचे कण, टाकीतल्या गंजाचे पापुद्रे असा थर बसलेला दिसेल. जुना टूथब्रश मारून जाळी परत बसवायची. जाळी फेकून देणारे मेकॅनिक आहेत. त्यांच्या ग्राहकाचा व्हॉल्व्ह पुढे कणांमुळे अडकतो.

जाळी साफ असूनही पाणी येत नसेल तर व्हॉल्व्हच्या कॉइलचा रेझिस्टन्स घ्या. साधारण चार हजार ओहमच्या आसपास यायला हवा. काहीच दाखवत नसेल तर कॉइलची तार आतून तुटली. उलट तक्रार असते पाणी थांबत नसल्याची. त्यासाठी एक चाचणी शिकून ठेवा: पाणी येत असतानाच प्लग काढा. तरीही पाणी येतच राहिलं तर व्हॉल्व्हच्या पडद्यात कचरा अडकला आहे, विजेचा संबंध नाही. थांबलं तर व्हॉल्व्ह ठीक आहे, त्याला चुकीचा सप्लाय मिळतोय. मग प्रेशर सेन्सरकडे वळा. सेन्सरपासून टबाच्या तळापर्यंत एक बारीक हवेची नळी जाते. ती निसटली, तिला भोक पडलं किंवा खालच्या चेंबरमध्ये साबणाचा गाळ बसला, की मशीनला किती पाणी भरलं ते कळत नाही.

याच तक्रारीसाठी गेल्या वर्षी एका काकूंकडे गेलो. फ्रंट लोड, पाणी घेतच राहायचं आणि शेवटी एरर यायचा. "अहो, आधीचे मेकॅनिक म्हणाले कार्ड गेलंय, नवीनच टाकावं लागेल." मी मशीन न उघडता धुलाई सुरू केली आणि मागे वाकून पाहिलं. पाणी भरत असतानाच ड्रेन पाइपातून बारीक धार चालू होती. बाथरूमच्या फरशा नव्या बसवताना कुणीतरी पाइप मागच्या हुकातून काढून थेट खाली फरशीच्या जाळीत टाकला होता. फ्रंट लोडचा ड्रेन पाइप जमिनीपासून साधारण 60 ते 100 सेंटिमीटर उंचीवरून जावा लागतो. खाली टाकला तर भरलेलं पाणी आपोआप ओढलं जातं. पाइप हुकात अडकवला, मशीन चाललं. काकूंनी विचारलं, "म्हणजे कार्ड चांगलंय?" मी म्हटलं, "काकू, कार्डाला काहीच झालेलं नाही." कार्ड बिघडतात, नाही असं नाही. पण सप्लाय, वायरिंग, कनेक्टर, सेन्सर, मोटर हे सगळं तपासून झाल्याशिवाय कार्डाचं नाव तोंडातून काढू नका. पावसाळ्यात तर आधी टॉर्च घेऊन मशीनखाली पाहा, उंदरांनी कुरतडलेली वायर बऱ्याचदा समोरच लटकत असते. ती जोडून झाली की मशीनच्या तळाला उंदीर अडवणारी जाळी बसवल्याशिवाय निघू नका.

सेमी ऑटोमॅटिकची नेहमीची तक्रार म्हणजे ड्रायर फिरत नाही. प्लग काढून, झाकण बंद असताना ब्रेकची वायर ओढली जाते का ते मागचं कव्हर उघडून बघा. वायर सैल झाली की ब्रेक अर्धवट लागलेला राहतो, मोटर तापते, जळका वास येतो. अशा वेळी वायर एक खाच पुढे घेतली तरी पुरतं. ब्रेक मोकळा आणि टब हाताने सहज फिरतो, पण सप्लाय दिला की मोटर नुसती घुंऽऽ करून थांबते? मग कंडेन्सर, म्हणजे मोटरचा कॅपॅसिटर. त्यावर छापलेला मायक्रोफॅरडचा आकडा आणि मीटरचा आकडा जुळवा. 10 छापलेलं आणि 7 दाखवतोय तर तो बदला. तपासण्याआधी त्यात साठलेली वीज बल्बमधून रिकामी करा. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडण्याची सवय लावून घेऊ नका.

आणि मोटर जळालीच असेल तर ती का जळाली ते शोधा. ड्रायरच्या टबाखाली रबराचं सील असतं. ते फाटलं की पाणी थेंब थेंब खालच्या मोटरवर पडतं. सील न बदलता मोटर टाकली तर नवीही काही महिन्यांत त्याच वाटेने जाते, आणि ग्राहक तुम्हाला पुन्हा बोलावत नाही. वाइंडिंग तपासताना एक लक्षात असू द्या: वॉश मोटर दोन्ही बाजूंना फिरते, म्हणून तिच्या कॉमनपासून (दोन्ही वाइंडिंगच्या सामाईक वायरीपासून) दोन्ही वायरींचं रीडिंग सारखं येतं. स्पिन मोटरचं वेगवेगळं येतं आणि ते बरोबर आहे.

टॉप लोडमध्ये "पाणी जात नाही" आणि "स्पिन होत नाही" या दोन तक्रारी एकत्र आल्या तर सरळ ड्रेन मोटरकडे जा. तीच एका ओढीत ड्रेन व्हॉल्व्ह उघडते आणि क्लचचा लिव्हरही हलवते. मशीन स्पिनला आपटत असेल, यूई (भार एका बाजूला गेल्याचा एरर) येत असेल, तर चारही पाय टेकलेत का बघा, मग रिकामा टब खाली दाबून सोडा. एकदोन हेलकाव्यांत शांत झाला तर ठीक, डोलतच राहिला तर टब लटकवून धरणारे सस्पेन्शन रॉड गेले. एकटी चादर किंवा एकटं ब्लँकेट टाकलं तरी हाच एरर येतो, ते ग्राहकाला विचारा. नवं किंवा नुकतंच घर बदललेलं फ्रंट लोड भयंकर हलत असेल तर वाहतुकीसाठी ड्रम जखडणारे मागचे ट्रान्झिट बोल्ट काढलेत का ते पाहा.

फ्रंट लोडचं पाणी जात नसेल तर खालच्या कोपऱ्यातला पंप फिल्टर. परात आणि जुना टॉवेल आधी मागून घ्या, कारण दोन-चार लिटर पाणी येतंच. नाणी, केसांच्या पिना, लहान मुलांचे मोजे, सगळं तिथे सापडतं. मशीन चालू केल्यावर काही मिनिटांनी, पाणी तापायच्या वेळेला घरातला आरसीसीबी (गळती झाली की सप्लाय तोडणारा स्विच) पडत असेल तर संशय हीटरवर. बोअरच्या जड पाण्याने त्यावर पांढरा क्षार जाड थराने बसतो, आवरण तडकतं आणि करंट अर्थकडे गळतो. 2000 वॉटच्या हीटरचा रेझिस्टन्स 26 ओहमच्या जवळ येतो. तो बरोबर आला तरी समाधान मानू नका, हीटरच्या टर्मिनलपासून बॉडीपर्यंत मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावा. गळती तिथे कळते.

बेअरिंगचा आवाज एकदा ऐकला की विसरत नाही: स्पिन वाढत जाताना विमानासारखी घरघर. ड्रमची वरची कड धरून वर उचलून बघा, खेळ जाणवला तर बेअरिंग गेलं. सोबत ऑइल सील बदलायचंच, कारण बेअरिंग बहुतेकदा सीलमधून झिरपलेल्या पाण्यानेच गंजतं. हे काम अर्ध्या-पाऊण दिवसाचं आहे आणि काही मॉडेलचा टब वेल्ड केलेला असतो, तो उघडतच नाही. खर्चाचा अंदाज मशीन खोलायच्या आधी द्या, खोलल्यावर नाही.

मोठी हत्यारं सुरुवातीला लागत नाहीत. चांगला मल्टिमीटर, क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून करंट मोजायचं), सिरीज लॅम्प (बल्बमधून सप्लाय देऊन तपासायचा), 8, 10, 12, 14 चे बॉक्स पाने, पकड, टॉर्च आणि एक वही. वहीत मॉडेल, तक्रार, मीटरची रीडिंग आणि शेवटी निघालेला दोष एवढं रोज लिहा. वायरिंगचा नकाशा पुष्कळदा मशीनच्या आत चिकटवलेला असतो, त्याचा फोटो काढून ठेवा.

काम झाल्यावर मशीनखाली वर्तमानपत्र पसरून एक पूर्ण रिन्स आणि स्पिन चालवा. कागद कोरडा राहिला, आवाज ठीक वाटला, बॉडीवर मीटर लावून करंट नाही हे पाहिलं, की काढलेला जुना पार्ट ग्राहकाच्या हातात द्या, बिघाड कुठे होता ते बोटाने दाखवा आणि मग बिल करा.