लोकानुरंजनवाद आणि हुकूमशाही: उत्तर लिहिण्यापूर्वी काय तपासावे

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये राज्यशास्त्राची तयारी करणाऱ्या मुलामुलींच्या सरावाच्या उत्तरपत्रिका माझ्याकडे तपासायला येतात, आणि ‘लोकानुरंजनवाद’ असा प्रश्न आला की बहुतेक उत्तरे मोफत धान्य नाहीतर कर्जमाफीपासून सुरू होतात. दोष केवळ त्यांना देता येत नाही. वर्तमानपत्रेही लोकानुनय आणि लोकानुरंजनवाद यांत फरक करत नाहीत. तो आधी करावा. सवलती जाहीर करणे हा सगळ्याच पक्षांचा नेहमीचा व्यवहार आहे, तर लोकानुरंजनवादाचा दावा असा असतो की खरी जनता एकच आहे, तिचे मन फक्त आमच्या नेत्याला कळते आणि जो विरोध करतो तो त्या जनतेत मोडतच नाही. म्हणून भाषण वाचताना ‘आम्ही’ आणि ‘ते’ या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारावी आणि ‘ते’ म्हणजे निवडणुकीतले प्रतिस्पर्धी की जनतेचे शत्रू, हे समासात लिहावे.

एवढ्यावरून हुकूमशाहीचा निष्कर्ष मात्र काढू नये. सत्ता हाती आल्यावर नियमांचे काय केले, ते पाहावे. पेरूत १९९० साली निवडून आलेल्या अध्यक्ष फुजिमोरी यांनी ५ एप्रिल १९९२ रोजी लष्कराच्या पाठबळावर संसदच बरखास्त केली. तिथे शोधण्यासारखे फारसे काही उरत नाही. व्हेनेझुएलात अध्यक्ष ह्यूगो चावेझ यांच्या काळात हेच काम सावकाश झाले. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांची संख्या २० वरून ३२ करण्यात आली आणि २००९ च्या सार्वमताने अध्यक्षाच्या फेरनिवडीवरची मर्यादा उठली. दोन्ही गोष्टी रीतसर झाल्या, हेच लक्षात ठेवण्यासारखे आहे.

सर्वांत जास्त वेळ वर्चस्व असलेल्या पक्षाला, म्हणजे निवडणुका होऊनही सतत सत्तेत राहणाऱ्या पक्षाला द्यावा, कारण त्याला सरसकट हुकूमशाही म्हणण्याची गफलत इथेच होते. वहीत दोन ओळी एकाखाली एक लिहाव्यात. भारत, १९५१-५२: काँग्रेसला सुमारे ४५ टक्के मते, लोकसभेच्या ४८९ पैकी ३६४ जागा. हंगेरी, २०१४: फिदेस (व्हिक्टर ऑर्बान यांचा पक्ष) आघाडीला सुमारे ४५ टक्के मते, १९९ पैकी १३३ जागा. मते सारखीच, तरी दोन्ही उदाहरणे एकाच खान्यात टाकता येत नाहीत. फिदेसने २०१० मध्ये दोन-तृतीयांश बहुमत मिळताच नवी राज्यघटना आणली, ३८६ जागांची संसद १९९ वर आणली, मतदारसंघ नव्याने आखले आणि पुढची निवडणूक आपणच केलेल्या नियमांवर लढवली. काँग्रेस १९६७ मध्ये अनेक राज्यांत हरली आणि तिथली सत्ता तिने सोडली. मेक्सिकोत तर निवडणुका वेळेवर होत असूनही १९२९ ते २००० अध्यक्षपद एकाच राजकीय परंपरेच्या पक्षाकडे राहिले. तेव्हा किती वर्षे सत्ता होती यापेक्षा हरणे शक्य होते का, हे विचारावे.

काँग्रेसला तरी सरसकट निर्दोष ठरवू नये. ‘गरिबी हटाओ’च्या घोषणेवर १९७१ मध्ये ३५२ जागा मिळाल्या, जून १९७५ मध्ये आणीबाणी आली, १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने लोकसभेची मुदत पाचाची सहा वर्षे झाली, आणि १९७७ मध्ये त्याच मतदान पद्धतीने पक्ष १५४ जागांवर आला. आणीबाणीत येरवड्याच्या तुरुंगात राहिलेले कोणी घरात किंवा वाड्यात असतील, तर त्यांना अटकेचे कारण काय सांगितले गेले, एवढेच विचारावे. ‘मिसा’खाली (अंतर्गत सुरक्षेच्या नावाने खटल्याविना डांबून ठेवण्याचा कायदा) स्थानबद्ध केलेल्याला कारण सांगण्याचे बंधनच तेव्हा काढून टाकलेले होते.