संस्थेचं सोशल मीडिया खातं कसं सांभाळावं

पहिली पोस्ट लिहिण्याआधी खातं कोणाच्या नंबरवर उघडलंय ते पाहा. बऱ्याच ठिकाणी एखाद्या उत्साही कर्मचाऱ्याने स्वतःचा मोबाइल नंबर आणि ईमेल देऊन ते उघडलेलं असतं. तो नोकरी सोडून गेला की ओटीपी त्याच्याच फोनवर जातो आणि संस्थेला स्वतःच्याच खात्यात शिरता येत नाही. नोंदणीचा ईमेल आणि नंबर दोन्ही संस्थेच्या नावावरचे हवेत, आणि ते आजच बदलून घ्या.

फेसबुक पेजला स्वतःचा वेगळा पासवर्ड नसतो. प्रत्येकजण आपापल्या प्रोफाइलमधून पेजवर येतो. ‘ऑफिसचं कॉमन प्रोफाइल’ म्हणून खोट्या नावाने खातं काढणं फेसबुकच्या नियमांत बसत नाही; ते बंद झालं तर त्याच्यासोबत पेजही हातचं जातं. पेजचं पूर्ण नियंत्रण किमान दोघांकडे ठेवा. बाकीच्यांना ज्याच्या त्याच्या कामापुरता प्रवेश द्या: कोणाला फक्त पोस्ट, कोणाला मेसेज, कोणाला जाहिराती. यूट्यूबवर स्टुडिओच्या सेटिंगमध्ये अशाच परवानग्या देता येतात. इन्स्टाग्राम आणि एक्सचा (पूर्वीचं ट्विटर) पासवर्ड मात्र व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवू नका, पासवर्ड मॅनेजरमध्ये, म्हणजे पासवर्ड सुरक्षित साठवणाऱ्या ॲपमध्ये ठेवा.

टू-फॅक्टर, म्हणजे लॉगिन करताना पासवर्डसोबत दुसरा कोडही मागणारी सोय, सगळीकडे चालू करा, शक्यतो ऑथेंटिकेटर ॲपवर (हे ॲप फोनवरच तो कोड तयार करतं). तेव्हा मिळणारे बॅकअप कोड छापून कुलपात ठेवा. फोन हरवला की तेच उपयोगी पडतात. पण टू-फॅक्टरने सगळं भागत नाही. ‘तुमच्या पेजने कॉपीराइटचा भंग केला आहे, 24 तासांत अपील करा’ असा मेसेज इनबॉक्समध्ये आला तर लिंक उघडू नका. खरी कारवाई झाली असेल तर ती ॲपमधल्या खात्याच्या स्थितीच्या पानावर दिसते. दुसरा सापळा जास्त घातक आहे. जाहिरातीचा प्रस्ताव म्हणून एक फाइल येते, ती उघडली की ब्राउझरमधलं चालू लॉगिन चोरलं जातं. आधीच लॉगिन झालेलं असल्यामुळे चोराला ना पासवर्ड लागतो ना कोड. अनोळखी अटॅचमेंट खातं चालू असलेल्या संगणकावर उघडायची नाही, हा नियम लेखी करा.

कोणी काम सोडलं की त्याच दिवशी, याच क्रमाने: रिकव्हरीचा ईमेल आणि नंबर तपासा, पासवर्ड बदला, सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करा, जोडलेली बाहेरची ॲप काढा, पेजवरचा प्रवेश काढा. नुसता पासवर्ड बदलून थांबलात तर जुन्या नंबरवरून तो पुन्हा बदलता येतो.

आता मजकूर. कार्यालयीन परिपत्रक जसंच्या तसं चिकटवू नका. लांब पोस्टची सुरुवातीची एक-दोन वाक्यंच दिसतात, बाकी ‘आणखी पाहा’च्या मागे जातं. ‘सर्व संबंधितांना कळविण्यात येते की’ यातच ती जागा संपते. त्याऐवजी थेट लिहा: ‘ओळखपत्राचे अर्ज शुक्रवारी संध्याकाळी 5 वाजता बंद होतील.’ कसा करायचा आणि कुठे करायचा हे त्यानंतर.

मराठीतल्या दोन अडचणी नेहमी येतात. जुन्या, युनिकोड (सगळ्या उपकरणांवर सारखी दिसणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या फाँटमधला मजकूर चिकटवला की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. आणि एक्सवर साध्या खात्याला 280 अक्षरांची मर्यादा आहे, त्यात प्रत्येक मात्रा आणि हलन्त वेगळा मोजला जातो. ‘स्त्री’ दिसायला एक, मोजायला सहा. म्हणून मराठी पोस्ट वाटते त्याच्या बरीच आधी संपते.

इन्स्टाग्रामच्या उभ्या फोटोसाठी 1080 बाय 1350 पिक्सेल, रीलसाठी 1080 बाय 1920. रीलच्या खालच्या भागावर ॲपचीच नावं आणि बटणं येतात, तिथे तारीख किंवा पत्ता लिहू नका. सगळी माहिती पोस्टरमध्ये कोंबली तर स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या दृष्टिहीन माणसापर्यंत ती पोचेलच असं नाही. तीच माहिती मजकुरातही द्या आणि चित्राला ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे चित्राचं शब्दांतलं वर्णन, लिहा. ‘कार्यक्रमाचा फोटो’ याला वर्णन म्हणत नाहीत. ‘व्हीलचेअरवरील विद्यार्थिनी व्यासपीठावर प्रमाणपत्र स्वीकारताना’ हे वर्णन. गूगलवर सापडलेला फोटो फुकट नसतो. वैयक्तिक खात्यावर चालणारं गाणं संस्थेच्या खात्यावर चालेलच असं नाही. मुलांचे फोटो पालकांच्या लेखी परवानगीशिवाय टाकू नका.

स्वतःचं आणि संस्थेचं खातं एकाच ॲपमध्ये ठेवणं टाळा. वैयक्तिक मत संस्थेच्या नावाने जातं ते बहुधा याच कारणाने. निदान संस्थेसाठी ब्राउझरमध्ये वेगळा प्रोफाइल ठेवा, म्हणजे दोन्ही लॉगिन वेगळे राहतील. मोठी दुर्घटना घडली की सर्वात आधी शेड्यूल केलेल्या (आधीच वेळ ठरवून ठेवलेल्या) पोस्ट थांबवा. शोकाच्या दिवशी आपोआप गेलेली आनंदी पोस्ट लोकांच्या लक्षात राहते.

टीका करणारी कमेंट पुसू नका. उत्तर द्या आणि वैयक्तिक तपशील लागत असतील तर इनबॉक्समध्ये बोलवा. अर्ज क्रमांक किंवा फोन नंबर उघड्यावर मागू नका. शिवीगाळ, धमकी किंवा कोणाची खासगी माहिती असेल तर आधी तारखेसह स्क्रीनशॉट घ्या, मग कमेंट काढा. फेसबुकवर ‘लपवा’ निवडलं तर ती कमेंट लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रांना दिसतच राहते, त्यामुळे खासगी माहिती असलेली कमेंट नुसती लपवून चालत नाही, डिलीटच करावी लागते.