डायबेटिक मांजराची शुगर घरी कशी बघायची

डॉक्टर पहिल्यांदा म्हणाले की कानाला टोचून घरीच शुगर बघत जा, तेव्हा मी मनात म्हटलं झालं, आमचा बोका नखं कापू देत नाही तो कान टोचू देतोय होय. पण खरं सांगते, टोचणं हा यातला सोपा भाग आहे, मांजराला त्याचं फार काही वाटत नाही. त्याला राग येतो तो धरून ठेवल्याचा.

आधी घरीच का, ते. मांजर घाबरलं की त्याची शुगर उसळते आणि थोडीथोडकी नाही, डायबेटिस नसलेल्या मांजराची पण दवाखान्याच्या टेबलावर ३०० च्या वर जाऊ शकते, नॉर्मल असते साधारण ८० ते १२०. आता बास्केटमध्ये कोंबून, अख्खा रस्ता ओरडत नेलेल्या मांजराचा आकडा बघून इन्सुलिन वाढवलं, तर घरी आल्यावर शांत झालेल्या मांजराला तोच डोस जास्त पडू शकतो. आणि शुगर जास्त असलेली काही दिवस निभावते, खूप कमी झाली तर तासाभरात जीवावर बेतू शकतं.

सामान फार नाही. मीटर, त्याच्याच स्ट्रिप्स, लॅन्सेट (टोचायची छोटी सुई), कापूस, थोडं व्हॅसलीन, वही. मीटर माणसांचा चालतो का हे सगळेच विचारतात. चालतो, पण तो मांजराचा आकडा बहुतेक वेळा खरा असतो त्यापेक्षा कमी दाखवतो, कारण माणसाच्या रक्तात ग्लुकोज प्लाझ्मा (रक्तातला पातळ, पाण्यासारखा भाग) आणि लाल पेशी दोन्हीकडे वाटलेलं असतं आणि मांजराच्या रक्तात जवळजवळ सगळं प्लाझ्मातच असतं, माणसांच्या मीटरचा हिशोब त्यासाठी बनवलेलाच नाही. अल्फाट्रॅकसारखे प्राण्यांचे मीटर मिळतात, त्यात कोड टाकायचा असेल तर मांजराचाच टाकलाय ना बघा, कुत्र्याचा वेगळा असतो. कुठलाही घ्या पण एकच धरा, आज हा उद्या तो केलंत तर आकड्यांची तुलनाच करता येणार नाही, आणि कुठला वापरताय ते डॉक्टरांना सांगून ठेवा.

लॅन्सेट सुरुवातीला जरा जाड घ्या, २६ ते २८ गेजची (गेजचा आकडा जितका लहान तितकी सुई जाड). माणसांसाठीच्या ३३ गेजच्या बारीक सुईने नव्या कानातून थेंबच येत नाही, मग आपण परत परत टोचतो आणि मांजर वैतागतं.

आता टोचायचं कुठे. कानाच्या कडेने एक बारीक शीर जाते, कानामागे टॉर्च धरला की स्पष्ट दिसते. शिरेत टोचायचं नाही, शीर आणि कानाची कड यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत टोचायचं, तिथे भरपूर बारीक रक्तवाहिन्या असतात. आधी कान गरम करा, कोमट पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं किंवा मोज्यात भरून गरम केलेले तांदूळ (आपल्या मनगटाला लावून बघा आधी) मिनिटभर धरले तरी खूप फरक पडतो, माझ्या मते अर्धं यश इथेच आहे. गार कानातून रक्त येतच नाही. मग व्हॅसलीनचं अगदी पुसट बोट फिरवा म्हणजे थेंब केसांत पसरत नाही, गोल उभा राहतो. स्पिरिट लावू नका, झोंबतं आणि रीडिंगही बिघडू शकतं.

कानामागे कापसाची घडी धरा नाहीतर सुई आरपार जाऊन आपल्या बोटात, माझ्या दोनदा गेलीय. स्ट्रिप मीटरमध्ये आधीच लावून ठेवा. पटकन टोचा, थेंब लहान वाटला तर बोटाने हलकेच दाबत कडेकडे आणा, आणि स्ट्रिपचं टोक थेंबाला नुसतं टेकवा, ती आपोआप ओढून घेते. नंतर कापूस १५-२० सेकंद दाबून धरा, नाहीतर कान काळानिळा होतो. आणि लगेच खाऊ, उकडलेल्या चिकनचा तुकडा वगैरे, गोडाधोडाचं किंवा पीठ असलेलं नको. आकडा आला नाही तरी खाऊ द्यायचाच. दोनदा टोचून जमलं नाही तर सोडून द्या, थोड्या वेळाने बघू. पहिले दोन-तीन दिवस तर मी नुसता कान चोळून खाऊ दिला, मीटर काढलाच नाही.

रोजचं रीडिंग इन्सुलिनच्या आधी. आकडा किती कमी असला तर इंजेक्शन द्यायचं नाही, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या, सकाळी सिरिंज हातात धरून ठरवायची गोष्ट नाही ती. अधूनमधून पूर्ण कर्व्ह करायला सांगतात, म्हणजे १२ तास दर २ तासांनी, आणि १५० च्या खाली गेलं की दर तासाला. त्यात बघायचं असतं ते सगळ्यात खालचा आकडा किती आणि कधी येतो, तो साधारण ८० ते १५० मध्ये असावा. एका आकड्यावरून डोस हलवू नका प्लीज. मीटरमध्येच १५-२० टक्के इकडेतिकडे असतं, विचित्र आकडा आला तर नवी स्ट्रिप घेऊन परत बघा. वहीत वेळ, आकडा, डोस, किती खाल्लं, किती पाणी प्यायलं, आणि आठवड्याला वजन.

६० च्या खाली आलं किंवा मांजर झोकांड्या खातंय, थरथरतंय, तर आकड्याची वाट बघत बसू नका. शुद्धीत असेल, खात असेल तर लगेच खायला द्या. खात नसेल तर मध किंवा साखरेचं पाणी हिरड्यांना चोळा, तोंडात ओतायचं नाही, ठसका लागून फुप्फुसात जाईल. आणि डॉक्टरांना फोन, सावरल्यासारखं दिसलं तरी.

उलटं पण असतं. आकडे चढेच, मांजर खात नाही, उलट्या, मरगळ, असं असेल तर लघवीत कीटोन (शरीर साखरेऐवजी चरबी जाळायला लागलं की तयार होतात ते, फार वाढले तर घातक) बघायची पट्टी वापरा, कीटोन निघाले तर तसंच दवाखाना गाठायचा. इन्सुलिनऐवजी बेक्साग्लिफ्लोझिन किंवा व्हेलाग्लिफ्लोझिन ही तोंडाने द्यायची शुगरची औषधं चालू असतील तर इथे जास्तच सावध, कारण त्या औषधांवर शुगर ठीक दिसत असतानाही कीटोन वाढू शकतात.

टोचणं अजिबातच जमत नसेल तर लिब्रेसारखा सेन्सर बसवून घेता येतो, केस काढून चिकटवतात, १४ दिवसांसाठी असतो पण बऱ्याच मांजरांचा आधीच निघून पडतो. तो रक्तातली नाही, त्वचेखालच्या पाण्यातली शुगर मोजतो म्हणून थोडा मागे असतो, त्यामुळे त्याच्यावर खूप कमी आकडा दिसला तर कानाच्या थेंबाने खात्री करा, म्हणजे कान टोचणं शिकून ठेवावंच लागतं. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवा आणि पुढच्या खेपेला दवाखान्यात देऊन टाका, कचऱ्याच्या पिशवीत सुट्ट्या टाकू नका.