पहिल्या दहा सामन्यांची वही : हंगामाच्या सुरुवातीला फुटबॉल संघ कसा जोखावा

ऑक्टोबर 2008 च्या अखेरीस इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये हल सिटी या संघाचे 9 सामन्यांत 20 गुण झाले होते. हा क्लब आपल्या इतिहासात प्रथमच वरच्या श्रेणीत आलेला होता, आर्सेनलला त्याच्याच मैदानावर 2-1 असे हरवून आलेला होता आणि गुणतक्त्यात मातब्बर संघांच्या पंगतीला जाऊन बसलेला होता. उरलेल्या 29 सामन्यांत त्याला अवघे 15 गुण मिळाले, त्यांत विजय केवळ 2, आणि शेवटी 35 गुणांवर सतराव्या क्रमांकाने त्याने कशीबशी श्रेणी राखली, म्हणजे खालच्या श्रेणीत जाणे टाळले. 2017-18 च्या हंगामात याच स्पर्धेत क्रिस्टल पॅलेस पहिले सातही सामने हरला आणि त्या सातांत त्याला एकही गोल करता आला नाही. प्रशिक्षक फ्रँक डी बोअर यांना तर चौथ्या सामन्यानंतरच निरोप देण्यात आला. तोच पॅलेस हंगामाअखेर 44 गुणांसह अकरावा आला.

आमच्याकडे जळगाव-भुसावळ भागात शनिवारी रात्री दहाचा सामना पाहून झोपलेली मंडळी रविवारी सकाळी चहाच्या टपरीवर जमतात आणि दोन पराभवांच्या भांडवलावर "आता काही खरं नाही भो" असा निकाल देऊन मोकळी होतात. मी शाळेत खेळ शिकवतो आणि माझ्या वाट्याला हा निकाल दोन्हीकडून येतो: टीव्हीवरच्या संघाबद्दल आणि माझ्या मुलांच्या संघाबद्दल. म्हणून काही वर्षांपासून मी एक वही ठेवू लागलो. संघ जोखण्याची जी पद्धत पुढे मांडली आहे ती या वहीतून तयार झाली असून तिला शंभर पानी वही, पेन्सिल आणि थोडा संयम यांखेरीज काही लागत नाही.

वहीचे पहिले पान हंगाम सुरू होण्याआधी भरावे. संघ कितव्या क्रमांकावर राहील, कोणती फळी कच्ची आहे, कोणत्या खेळाडूवर सगळा भार आहे, हे चार-पाच ओळींत तारखेनिशी लिहून ठेवावे. सामने सुरू झाल्यावर आपले आधीचे मत काय होते हे माणसाला प्रामाणिकपणे आठवत नाही. पहिल्या विजयानंतर प्रत्येक जण "मी आधीच म्हटले होते" असे सांगतो. शिवाय हे पान पुढे तराजूतल्या वजनासारखे उपयोगी पडते. वर्षभराच्या माहितीवरून बांधलेला अंदाज तीन सामन्यांच्या निकालांनी फार हलू देऊ नये, थोडाच हलू द्यावा.

त्यानंतरचे पान प्रतिस्पर्ध्यांचे. पहिले सामने कोणाशी, कोणाच्या मैदानावर आणि कोणते खेळाडू नसताना झाले, हे गुणांच्या शेजारीच लिहावे. 2021-22 मध्ये आर्सेनल पहिले तीन सामने हरला, 9 गोल खाल्ले, एकही केला नाही आणि गुणतक्त्याच्या तळाशी गेला. त्या तीन सामन्यांतील दोन चेल्सी आणि मँचेस्टर सिटी यांच्याशी होते; सिटी पुढे विजेता ठरला आणि चेल्सी तिसरा आला. सिटीविरुद्ध तर पूर्वार्धातच एक खेळाडू लाल कार्ड मिळून बाहेर गेल्याने उरलेला सामना दहा जणांनिशी खेळावा लागला. नव्याने वर आलेल्या ब्रेंटफर्डकडून झालेला 0-2 हा पराभव मात्र कोणत्याही हिशोबाने वाईटच होता आणि तो तसाच नोंदवायला हवा. आर्सेनल अखेर 69 गुणांसह पाचवा आला. युरोपातील लीगबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, ती म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची उन्हाळी मुदत हंगाम सुरू झाल्यावर, साधारण ऑगस्टअखेरीस संपते. त्यामुळे ऑगस्टमध्ये पाहिलेला संघ सप्टेंबरमध्ये तोच असेल अशी खात्री नसते.

आता वहीच्या मुख्य भागाकडे येतो. जुलैत कपाशी हिरवीगार दिसली म्हणून आपल्याकडचा कोणताही शेतकरी क्विंटलचा हिशोब मांडत नाही. पाते, म्हणजे फुलाआधीच्या कळ्या, किती लागले, त्यांतले किती गळाले आणि बोंडे किती धरली, हे तो ओळीत वाकून पाहतो. फुटबॉलमधला गोल म्हणजे वेचून घरात आलेला कापूस आहे. तो मोजायला सोपा असतो, पण हंगामाच्या आरंभी तो इतका थोडा असतो की त्यावरून पिकाची स्थिती कळत नाही. म्हणून पाते मोजावे, म्हणजे गोलच्या संधी मोजाव्यात.

यासाठी प्रत्येक सामन्याला एक पान द्यावे, त्यावर मैदानाचा अर्धा भाग दोनदा काढावा आणि वरचा आपल्या संघासाठी, खालचा समोरच्यासाठी ठेवावा. जिथून फटका मारला गेला तिथे टिंब द्यावे, गोल झाला तर टिंबाभोवती वर्तुळ काढावे, डोक्याने मारला असेल तर फुली करावी आणि पेनल्टी बाजूला वेगळी लिहावी. सामना संपल्यावर टिंबांचे तीन गट पाडावेत. गोलसमोर अगदी जवळून, पेनल्टीच्या ठिपक्याच्या अलीकडून मारलेला फटका साधारण तीनांत एकदा आत जातो असे धरावे आणि त्याला 0.3 द्यावेत. डीच्या, म्हणजे गोलसमोर आखलेल्या मोठ्या चौकटीच्या, आतील उरलेल्या फटक्यांना 0.1 आणि डीबाहेरच्यांना 0.03 द्यावेत. पेनल्टी चारांत तीनदा आत जाते, म्हणून तिचे 0.75. व्यावसायिक लीगमध्ये 'अपेक्षित गोल' म्हणून जो आकडा पडद्यावर दाखवतात, तो याच कल्पनेचा पुष्कळ बारकाईने काढलेला अवतार आहे. फटक्याचा कोन, बचावपटूंची जागा, पास कसा आला अशा अनेक गोष्टी तो हिशोबात धरतो. आपला हिशोब ढोबळ असला तरी दोन संघांची तुलना करण्यास तो पुरतो.

एका पावसाळ्यातले पान समोर आहे. जुलैचा शेवटचा आठवडा, मैदानाची काळी माती बुटांच्या तळव्याला थरांनी चिकटलेली, उत्तरेकडच्या गोलसमोर घोट्याएवढे पाणी साचलेले. आमची मुले 0-1 अशी हरली. वहीत आमची 13 टिंबे आहेत: 4 अगदी जवळची, 5 डीच्या आतली, 4 बाहेरची. हिशोब 1.2 अधिक 0.5 अधिक 0.12, म्हणजे 1.8 च्या आसपास. समोरच्यांची 4 टिंबे, एक जवळचे आणि तीन बाहेरची, म्हणजे 0.4 सुद्धा नाही. आणि गोल झाला तो त्या बाहेरच्या तीनांपैकी एकाचा, चेंडू पाण्यात थबकल्याने आमचा गोलकीपर त्यावरून पुढे घसरत गेला तेव्हा. मी त्या वेळी ही वही नुकतीच सुरू केली होती आणि तिच्यावर माझाच विश्वास बसलेला नव्हता. पुढच्या सामन्यातही ज्या मुलाचे सर्वाधिक फटके वाया गेले, त्या आघाडीच्या मुलाला मी तिसऱ्या सामन्यात बाकावर बसवले. "सर, मी जागेवर तर पोहोचत होतो ना?" एवढेच तो म्हणाला. दोन सामन्यांतल्या आमच्या जवळच्या 7 टिंबांपैकी 5 त्याची होती. तो बाहेर बसल्यावर आम्ही तिसरा सामना गोलशून्य बरोबरीत सोडवला आणि पानावर जवळचे टिंब एकही पडले नाही. संधीपर्यंत पोहोचणे हीच कठीण गोष्ट असते आणि ती तो करत होता, हे मला तेव्हा वाचता आले नाही.

यातले गणित साधे आहे. 0.1 किमतीचे दहा फटके मारूनही एकसुद्धा गोल न होण्याची शक्यता 100 पैकी 35 इतकी असते. सलग दोन सामने कोरडे गेले तर त्यात नवल काही नाही. उलट बाजूनेही हे खरे आहे: बाहेरून मारलेले तीन फटके लागोपाठ आत गेले म्हणून त्या आघाडीपटूला नवा पाय फुटला असे समजू नये. 22 नोव्हेंबर 2022 रोजी विश्वचषकात सौदी अरेबियाने अर्जेंटिनाला 2-1 असे हरवले तेव्हा सौदीने अख्ख्या सामन्यात 3 फटके मारले होते आणि त्यांतले 2 आत गेले. अर्जेंटिना पुढे विजेता झाला. मात्र त्या दिवशी पूर्वार्धात अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाइडमुळे, म्हणजे पास सुटण्याआधीच खेळाडू बचावफळीच्या पुढे गेल्यामुळे, रद्द झाले होते, म्हणजे समोरच्याने वर ओढलेल्या बचावफळीच्या सापळ्यात तो पुनःपुन्हा सापडत होता. हा दोष खरा होता आणि निकालाला केवळ नशीब म्हणून मोडीत काढणाऱ्याला तो दिसला नसता.

चेंडूवरचा ताबा किती टक्के, या आकड्याला मी फारसे मोल देत नाही. आघाडी घेतलेला संघ अनेकदा आपणहून मागे सरतो आणि पिछाडीवरचा संघ चेंडू घेऊन डीबाहेर फिरत राहतो, त्यामुळे 65 टक्के ताबा हे कित्येकदा हरत असल्याचे लक्षण असते. याच कारणाने प्रत्येक टिंबाशेजारी त्या क्षणीचा गोलफलक लिहावा. बरोबरी असताना पडलेली टिंबे सर्वांत बोलकी असतात. 3-0 झाल्यावर शेवटच्या दहा मिनिटांत पडलेली टिंबे निम्म्याने धरली तरी चालतील.

टिंबांखेरीज आणखी एक रकाना हवा आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: मागच्या सामन्यात दिसलेला दोष या सामन्यात दिसला का? लेस्टर सिटीचा 2015-16 चा हंगाम यासाठी आठवावा. पहिल्या 9 सामन्यांत लेस्टरने प्रत्येक सामन्यात किमान एक गोल खाल्ला होता आणि सप्टेंबरअखेर आर्सेनलने त्यांना त्यांच्याच मैदानावर 5-2 असे झोडपले होते. प्रशिक्षक क्लॉडिओ रानिएरी यांनी त्यानंतर दोन्ही बगलांचे बचावपटू बदलून डॅनी सिम्पसन आणि क्रिस्टियन फुक्स यांना घेतले, आणि गोल न खाता सामना काढलात तर पिझ्झा खाऊ घालीन असे खेळाडूंना सांगितले. दहाव्या सामन्यात, क्रिस्टल पॅलेसविरुद्ध 1-0 असा, तो योग आला. तो सामना धरून उरलेल्या 29 सामन्यांत लेस्टरने 15 वेळा गोल खाल्ला नाही आणि 81 गुणांसह विजेतेपद मिळवले. सप्टेंबरमध्ये "बचाव गळका आहे" हे मत अचूक होते. पण तोच दोष ऑक्टोबरमध्ये बुजवला गेला, हे ज्याने लिहून ठेवले नाही तो डिसेंबरपर्यंत लेस्टरच्या पडझडीची वाट पाहत बसला. म्हणून दोषाचे नाव शक्य तितके नेमके लिहावे. "बचाव कमकुवत" असे लिहून काही हाती लागत नाही; "कॉर्नरच्या वेळी दूरच्या खांबापाशी कोणी नसते" किंवा "डावा बचावपटू वर गेला की त्याची जागा भरायला मधल्या फळीतून कोणी येत नाही" असे लिहिले तर पुढच्या सामन्यात नेमके तेच पाहता येते.

गोलकीपरबाबत मत बनवण्याची घाई सर्वांत कमी करावी, कारण त्याच्याकडे एका सामन्यात येणारे खरे कठीण फटके दोन-चारच असतात. दमसास मात्र लवकर कळतो: सत्तराव्या मिनिटानंतर मधली फळी परतताना चालते की धावते, हे दोन-तीन सामन्यांत स्पष्ट दिसते आणि ते सहसा खोटे ठरत नाही.

किती सामन्यांनंतर मत द्यावे? 38 सामन्यांच्या लीगमध्ये मी तीन सामन्यांपर्यंत फक्त नोंदी करतो, सहाव्यानंतर संधींच्या बेरजेवरून कल सांगतो आणि दहाव्यानंतर, म्हणजे हंगामाचा चौथा हिस्सा सरल्यावर, पहिल्या पानावरचा अंदाज खोडून नवा लिहितो.

शालेय संघाला ही चैन मिळत नाही. सुब्रतो चषकासारखी स्पर्धा तालुका, जिल्हा, मग आमच्यासाठी नाशिक विभाग आणि पुढे राज्य अशा पायऱ्यांनी जाते. आपल्याकडे बहुतेक सामने बाद पद्धतीने होतात आणि एका चिखलातल्या दुपारीच हंगाम आटोपू शकतो. अशा संघाचे मूल्यमापन सराव सामन्यांतच करावे लागते. जून-जुलैत शेजारच्या शाळांशी पाच-सहा सराव सामने ठरवावेत, शक्य झाल्यास एकाच संघाशी दोनदा खेळावे, म्हणजे प्रतिस्पर्धी तोच राहून आपल्यातला फरक तेवढा उरतो, आणि पूर्वार्ध-उत्तरार्धाची टिंबे वेगळ्या रंगाने काढावीत. पालक विचारतील ते निकाल, तेही सांगावेत. संघनिवड करताना मात्र पान उघडून बसावे.

मैदानाची स्थितीही पानाच्या कोपऱ्यात लिहावी, कारण आपल्याकडे ती महिन्यागणिक पालटते. चिखलात छोटे पास अडतात, उंच चेंडूंवर खेळणारा संघ भाव खाऊन जातो आणि गोलकीपरच्या चुका वाढतात. दसऱ्याच्या सुमारास तीच काळी माती वाळून टणक होते, तिला भेगा पडतात, चेंडू गुडघ्याच्या वर उसळू लागतो आणि दुपारच्या उन्हात सत्तर मिनिटांचा खेळसुद्धा मुलांना जड जातो. जुलैतली बेरीज ऑक्टोबरच्या मैदानाला लावू नये. मी पाऊस उघडल्यावर कोरड्या मैदानावरच्या पहिल्या सामन्यापासून वहीत एक पान कोरे सोडतो आणि टिंबे पुन्हा एकपासून मोजायला लागतो.